कॉर्मॅक कुणाचा

दुसऱ्या कुणाचं मूल पोटात वाढवायचं, असं माझ्या लेकीनं, जनेलनं ठरवलं, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "केकचं भांडं उसनं देतात गं. पोट कुणी देतं का?"

ती माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू इतकी वर्षं रक्त देतेस, ते कुणाला जातं हे विचारलंस कधी?"

"रक्त दिल्यावर हातावर बिस्किट ठेवून घरी पाठवतात. नऊ महिने अडकवून ठेवत नाहीत."

"मग तू बिस्किटं आणत जा."

तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकलेच नाही. जावई कर्टिस मात्र मिठाच्या खाणीत काम करतो, सरोवराच्या तळाखाली, आणि वर आल्यावरही फारसा बोलत नाही. "तिनं ठरवलंय, सासूबाई," एवढंच तो म्हणाला. तिनं का ठरवलं ते मला ठाऊक होतं. माझी नात ब्रिन जन्मली तेव्हा जनेलच्या शेजारच्या खाटेवरची बाई रिकाम्या हातांनी घरी गेली होती. जाता जाता तिनं ब्रिनकडे बघून "गोड आहे हं बाळ" म्हटलं होतं. सात वर्षं झाली तरी जनेल ते विसरली नव्हती.

ज्यांच्यासाठी हे करायचं ते आयर्लंडचे होते. ग्रॉन्या शाळेत शिकवायची आणि तिचा नवरा डोनल गुरांचा डॉक्टर. एकतिसाव्या वर्षी कर्करोगापायी ग्रॉन्याची गर्भपिशवी काढावी लागली. त्याआधी डॉक्टरांनी तिची बीजं काढून ठेवली होती. त्यांतून तयार केलेल्या गर्भांपैकी आता दोनच उरले होते. त्यांच्या देशात सरोगसीला धड कायदा नव्हता, म्हणून ती दोघं कॅनडात, आमच्या ऑन्टारिओकडे वळली.

सगळं नीट, वकिलांसमोर झालं. आमच्या वकीलबाई मिसेस वीबी. ऑफिसच्या दारात बर्फातले बूट काढून लोकरी मोज्यांवर बसतात, त्यामुळे त्यांच्यासमोर भीती वाटत नाही. आम्ही त्यांच्या टेबलाच्या या बाजूला, आणि ग्रॉन्या-डोनल पडद्यावर, आपल्या घरच्या जेवणघरात बसलेले.

"बाळ जन्मलं की सात दिवस त्याचे तीन पालक," मिसेस वीबी सांगत होत्या. "जनेल, ग्रॉन्या आणि डोनल. सात दिवस पुरे होईपर्यंत जनेलनं ठरवलं तरी तिला हक्क सोडता येत नाही. त्यानंतर तिनं सही केली की मूल कागदोपत्री तुमचं. बाळंत झाल्यावर बाईला विचार करायला सवड मिळावी, म्हणून ही अट आहे."

अट आम्हा सगळ्यांना शहाणपणाची वाटली. त्या सात दिवसांच्या आत काही होऊ शकतं, हे त्या खोलीत कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मग त्यांनी आयर्लंडचं सांगितलं. तिथल्या कायद्यानं जी बाळंत होते तीच आई. बीज कुणाचंही असो. आणि त्या बाईचा नवरा हा बाप, जोवर दुसरा कुणी डीएनए तपासून कोर्टात ते सिद्ध करत नाही तोवर.

कर्टिसनं त्या दिवशी प्रथमच तोंड उघडलं. "म्हणजे समुद्रापलीकडे माझं पोर असणार आणि मला वाढदिवसाला केकसुद्धा मिळणार नाही."

पडद्यावरचा डोनल हसला. "तुझा तुकडा पोस्टानं पाठवतो."

ग्रॉन्या हसली नाही. "डोनल बाप ठरेल. मग माझं काय?"

"बाळाला दोन वर्षं सांभाळल्यावर तुम्हाला कोर्टाकडे अर्ज करता येईल. पालक म्हणून."

"आई म्हणून नाही?"

"नाही. पालक."

ग्रॉन्या जरा वेळ टेबलावरचं काहीतरी बोटानं सरळ करत राहिली. मग म्हणाली, "चालेल."

उन्हाळ्यात टोरांटोच्या डॉक्टरांनी दोन्ही गर्भ ठेवले आणि दोन्ही रुजले. एक मुलगी आणि एक मुलगा. ग्रॉन्यानं नावं लगेच ठरवली, ऑर्ला आणि कॉर्मॅक. दर रविवारी ती फोन करायची आणि जनेल फोन पोटावर ठेवायची. पलीकडून ग्रॉन्या काय बोलायची ते मी ऐकलेलं नाही, कारण जनेल मला खोलीबाहेर घालवायची. "ते तुझ्याशी नाही बोलत आई. माझ्याशीही नाही."

मार्चच्या अखेरीस बाळंतपण होणार होतं. ती दोघं मार्चच्या सुरुवातीला येणार होती. पण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर सरोवरावरून बर्फाचं वादळ घोंघावत असताना, जनेलची पाणमोट फुटली. पुढे बर्फ काढणारी गाडी आणि मागे रुग्णवाहिका, अशी तिची वरात लंडनच्या मोठ्या इस्पितळात पोहोचली. आमचं लंडन, ऑन्टारिओतलं. ऑर्ला आधी आली, रडत. कॉर्मॅक मागून आला, तो रडला नाही, फक्त ओठ हलवले. दोघांनाही काचेच्या पेट्यांत ठेवलं.

त्याच वादळानं विमानं अडली होती. ग्रॉन्या आणि डोनल डब्लिनच्या विमानतळावर बसून होती. त्यामुळे पहिले दोन दिवस त्या पेट्यांपाशी जनेल होती. तिनं तसं करायचं नव्हतं. बाळं झाली की त्यांना आईबापांच्या स्वाधीन करायचं आणि आपण दुसऱ्या खोलीत जायचं, असं तिनं स्वतःच ठरवलेलं. पण द्यायला कुणी नव्हतंच. चाकांच्या खुर्चीत बसून ती पेटीच्या गोल भोकातून हात आत घालायची, आणि कॉर्मॅक तिचं बोट धरून ठेवायचा. मी म्हटलं, "लळा लावून घेऊ नकोस."

ती म्हणाली, "मी लावत नाहीये. त्यानं धरलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ताप चढला. रक्तात जंतू पसरले होते. डॉक्टर विचारायला आले, पाठीतून पाणी काढून तपासायचं आहे, परवानगी कोण देणार? जनेलनं डोनलला फोन लावला. विमानतळावरच्या घोषणांच्या गोंगाटातून तो म्हणाला, "जे करायचं ते करा. जनेल, तू सही कर. कर सही." तिनं केली. तीन पालकांपैकी त्या क्षणी ती एकटीच हजर होती.

त्या संध्याकाळी ती दोघं पोहोचली. ग्रॉन्यानं कोट काढला नाही, सरळ हात धुवायच्या बेसिनशी गेली. परिचारिकेनं विचारलं, "आई कोण?" जनेल खुर्चीतून उठली आणि भिंतीला सरकली. "ह्या," ती म्हणाली.

कॉर्मॅक चौथ्या दिवशी गेला. शेवटी त्याच्या नळ्या काढून त्याला ग्रॉन्याच्या हातांत दिला होता. डोनल मागे उभा राहून दोघांना धरून होता. काचेपलीकडे, बाहेरच्या वाटेत, जनेल, कर्टिस आणि मी उभे होतो आणि जनेलच्या छातीवरचा सदरा दुधानं ओला झाला होता. ती ते झाकतही नव्हती.

आमच्या गावात अंत्यविधीचं सगळं हार्वी शाऊस बघतो. माझ्या नवऱ्याचंही त्यानंच केलं. ते इवलंसं खोकं तो आपल्या गाडीतून स्वतः लंडनहून घेऊन आला आणि आमच्याकडे येऊन हळूच म्हणाला, "जमीन दगड झालीये मार्लीन. मे महिन्याआधी खणता येणार नाही. तोवर दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवावं लागेल, बाकीच्यांबरोबर." आमच्याकडे हिवाळ्यात जाणाऱ्यांना वसंताची वाट बघावीच लागते, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. ग्रॉन्याला वाटलं.

"दहन?" डोनलनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "एवढासा तो. आगीतून काय राहील?"

तोवर ती दोघं माझ्या घरी, वरच्या खोलीत राहायला आली होती. ऑर्लाला वजन येईपर्यंत इस्पितळातच ठेवणार होते. रोज सकाळी डोनल माझी गाडी घेऊन निघायचा, ग्रॉन्या शेजारी, आणि मांडीवर बर्फाच्या पिशवीत जनेलनं काढून दिलेल्या दुधाच्या बाटल्या. संध्याकाळी रिकाम्या बाटल्या परत. जनेल त्या धुवायची, उकळायची. दोघी त्या दिवसांत एकमेकींशी फक्त बाटल्यांबद्दल बोलायच्या.

आठव्या दिवशी मिसेस वीबी माझ्या घरी आल्या. ऑर्लाचा कागद जनेलनं वाचलाही नाही, सही करून टाकली. ऑर्ला कागदोपत्री ग्रॉन्या-डोनलची झाली. "आता कॉर्मॅकचा," डोनल म्हणाला.

मिसेस वीबींनी पेनाला टोपण लावलं. "तिथे अडचण आहे. सात दिवस पुरे झाल्याशिवाय जनेलला संमती देता येत नाही. आणि तो सात दिवस जगला नाही. त्याच्यासाठी हा कागदच होऊ शकत नाही."

"मग जन्माच्या नोंदीत आई म्हणून कुणाचं नाव लागेल?" ग्रॉन्यानं विचारलं.

"काहीच केलं नाही तर जनेलचं. मृत्यूच्या नोंदीतही. तुमचं नाव हवं असेल तर कोर्टाकडून निवाडा घ्यावा लागेल. खरं सांगायचं तर तो गेलेला आहे, व्यवहारात त्यानं फरक काही..."

"मला तो माझ्या नावावर हवा," ग्रॉन्या म्हणाली. आवाज चढवून नाही; दुकानात एखादी वस्तू मागावी तसं.

अर्ज लिहिला गेला. अर्जाबरोबर जनेलचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. मिसेस वीबींच्या ऑफिसातून मसुदा आला तो माझ्याच टेबलावर तिनं वाचला. त्यात एक वाक्य होतं: सदर बालकाशी माझं आईचं नातं नव्हतं व नाही, आणि ते असावं असा माझा कधीही हेतू नव्हता. जनेलनं तो कागद फ्रिजच्या डोक्यावर ठेवला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी आठवण करून दिली. "बघते," म्हणाली. तिसऱ्या दिवशी मिसेस वीबींचा फोन आला. डोनलनं कर्टिसला गाठून विचारलं, आणि कर्टिसनं खांदे उडवले. "मला काय विचारतोस? मी तुमच्या कायद्यानं बाप होतो, तेवढाही आता राहिलो नाही." चेष्टाच होती ती, पण डोनलच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं आणि कर्टिस लगेच म्हणाला, "चुकलो रे. तसं नव्हतं म्हणायचं."

पण घरात संशय शिरला तो शिरलाच. वरच्या खोलीतून दबक्या आवाजात बोलणं यायचं. मी लेकीच्या घरी जाऊन तिला झापलं. "त्या बाईचं मूल गेलंय. तिला एक कागद हवाय. आणि तू अडून बसलीस?"

"तू वाचलास का तो कागद?"

"वाचला. सगळं खरंच तर आहे."

"हो ना," जनेल म्हणाली. "सगळं खरं आहे." आणि ब्रिनचे मोजे दोरीवरून काढायला निघून गेली.

चौथ्या दिवशी ग्रॉन्या इस्पितळात गेली नाही. डोनलला एकट्याला पाठवलं आणि दुपारी जनेल बाटल्या द्यायला आली तेव्हा टेबलापाशी तिची वाट बघत बसली होती. मी पावाचं पीठ मळत होते. उठून जावं म्हणून हात पुसले, तर ग्रॉन्या म्हणाली, "थांबा मार्लीन. तुम्ही असा."

मग जनेलकडे वळून म्हणाली, "तुला तो हवा आहे का? सरळ सांग. मी भांडणार नाही, मला फक्त कळू दे."

"नाही गं," जनेल म्हणाली. "तुझाच आहे तो."

"मग?"

जनेल बसली. बाटल्यांची पिशवी तिनं मांडीवर तशीच धरून ठेवली होती. "ऑर्लाचं मी पटकन लिहून दिलं, कारण ती तुझ्याकडे आहे. उद्या तिला माझी गरज नाही. पण त्याचे चारच दिवस होते ग्रॉन्या. त्यांतले दोन तू आलीच नव्हतीस. तुझी चूक नव्हती, बर्फ होता. त्या दोन दिवसांत त्याला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. त्याच्या पाठीत सुई खुपसायला मी हो म्हटलं. आणि आता मी शपथेवर लिहायचं, की मी त्याची कुणी नाही. म्हणजे ते दोन दिवस त्याला कुणीच नव्हतं, असं होतं. मला ते लिहवत नाही."

पीठ माझ्या बोटांवर सुकत होतं.

"तुझ्या पोटात तो साडेसात महिने होता," ग्रॉन्या शेवटी म्हणाली. "वर ते दोन दिवस. मला दोन मिळाले, आणि त्यातही तो शुद्धीत नव्हता. त्यानं तुझं बोट धरलं होतं असं तुझी आई म्हणाली. माझं नाही धरलं. मी घालून बघितलं बोट. तेव्हा त्याच्यात जोर राहिला नव्हता." ती रडत नव्हती. "मला तुझा हेवा वाटतो. रोज तुझ्या हातून बाटल्या घेताना वाटतो. हे मी कुणाशी बोलू?"

"माझ्याशीच बोल," जनेल म्हणाली. "दुसऱ्या कुणाला कळणार?"

ग्रॉन्यानं उठून फ्रिजवरचा कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला. "मग जे झालं ते लिही. वकिलांचं राहू दे."

त्या दुपारी दोघींनी मिळून ते लिहिलं. मधे दोनदा फाडलं. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो निवला. पुढे मिसेस वीबींनी त्याला कायद्याचं वळण दिलं, पण मधला भाग तसाच ठेवला: कॉर्मॅकला मी माझ्या पोटात वाढवलं. त्याचे आईबाप पोहोचेपर्यंत पहिले दोन दिवस मी त्याच्याजवळ होते आणि त्याला एकटं सोडलं नाही. मी त्याची आई नाही. त्याची आई ग्रॉन्या आहे, आणि तो तिच्या हातांत गेला.

मार्चच्या मध्यावर कोर्टात सुनावणी झाली. न्यायाधीश वयस्कर होते, सर्दीनं बेजार. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून नाक पुसलं आणि जनेलला विचारलं, "हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"आम्ही दोघींनी," ती म्हणाली.

त्यांनी निवाडा दिला, कॉर्मॅक हा जन्मापासून ग्रॉन्या आणि डोनल यांचा मुलगा. बाहेर पायऱ्यांवर बर्फ वितळून पाणी ठिबकत होतं. डोनल एका खांबाकडे तोंड करून उभा राहिला आणि कर्टिस त्याच्या शेजारी नुसताच उभा राहिला, खाणीत माणसं दमून उभी राहतात तसा.

तोपर्यंत ऑर्ला घरी, म्हणजे माझ्या घरी आली होती. कपड्यांच्या टोपलीत झोपायची. तिचा कॅनडाचा पासपोर्ट आला. आयर्लंडच्या वकिलांनी पुढची पायरी सांगितली: ऑर्लाची आणि डोनलची डीएनए तपासणी झाली आहे, त्यावरून तिला देशात आणायची मुभा मिळेल, पण ती बापाबरोबरच आली पाहिजे, आणि आल्याबरोबर कोर्टात अर्ज घालायचा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं ठरलं. डोनलची रजाही तेवढीच उरली होती. आणि जमीन अजून उघडली नव्हती.

"तो आमच्याबरोबर येऊ शकेल का?" डोनलनं हार्वीला विचारलं.

"येईल की," हार्वी म्हणाला. "आता कागद तुमच्या नावावर आहेत. मी सगळं करून देतो. कुणी अडवणार नाही."

डोनलनं त्याच संध्याकाळी आपल्या आईला फोन केला. त्याच्या वडिलांच्या कबरीत जागा होती. म्हातारीनं पाद्र्यांना सांगून ठेवलं. दोन दिवस त्याच्या अंगात हलकेपणा आला होता. मग एका सकाळी नाश्त्याला ग्रॉन्यानं चमचा खाली ठेवला. "डोनल, त्याला इथेच राहू दे."

"काय?"

"मी परवा आपल्या वकिलांना विचारलं. इथला निवाडा तिथे चालत नाही. तिथल्या कायद्याला त्याची आई जनेलच. ऑर्लाचीही. ऑर्लासाठी मी दोन वर्षं थांबेन, लागेल ते करेन. त्याच्यासाठी थांबायला काही नाही. तिथे नेला की मी त्याची कुणीच नाही."

"कबरीवर कोण कायदा वाचायला येतंय? दगडावर आपण लिहू ते."

"माहीत आहे. मला माहीत असणार ना पण." तिनं ऑर्लाची टोपली पायानं जवळ ओढली. "मला दोनच मुलं. तिथे त्यातलं एकही माझं नाही. इथे हा तरी माझा आहे."

"आणि मी भेटायला कसं यायचं त्याला? समुद्र ओलांडून?" डोनल असा चिडलेला मी प्रथमच पाहिला. "माझ्या बापाशेजारी जागा आहे त्याला. माणसं आहेत आपली. इथे कोण आहे त्याचं?"

ग्रॉन्यानं माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर द्यायचं नव्हतं. नवराबायकोच्या मधे पडू नये. पण तोंडातून निघून गेलं, "माझ्या नवऱ्याशेजारी जागा आहे. माझी आहे ती, पण मला घाई नाही."

डोनल उठला, बूट चढवले आणि बाहेर जाऊन मघाशीच साफ केलेला रस्ता पुन्हा फावड्यानं खरवडत राहिला. आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. टोपलीपाशी उकिडवा बसून तो ऑर्लाशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आईला फोन मी करणार नाही. तू कर." ग्रॉन्यानं केला. म्हातारी काय म्हणाली ते तिनं सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी हार्वीनं ती दगडी खोली उघडून दिली. दोघं ऑर्लाला घेऊन आत गेली. आम्ही बाहेर, गाडीत. जनेलला ग्रॉन्यानं बोलावलं होतं, पण ती गेली नाही. "त्यांचं आहे ते," म्हणाली आणि खिडकीची काच वर केली.

विमानतळावर ग्रॉन्यानं ऑर्लाला जनेलच्या हातांत दिलं. जनेलनं तिला खांद्यावर घेतलं, टोपी नीट केली आणि परत दिलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात जमीन मऊ झाली. आम्ही चौघंच होतो: जनेल, कर्टिस, हार्वी आणि मी. ब्रिनला शाळेत पाठवलं होतं. जनेलनं फोन उंच धरला होता आणि त्यात ग्रॉन्या-डोनल दिसत होते, स्वयंपाकघरात शेजारी शेजारी, कोट घालून, जणू तेही बाहेरच उभे होते. वाऱ्यामुळे त्यांना ऐकू जात नव्हतं. कर्टिसनं आणि हार्वीनं माझ्या नवऱ्याशेजारी खोकं खाली सोडलं. ग्रॉन्या काहीतरी विचारत होती. जनेलनं फोन कानाला लावला, मग खाली वाकून मूठभर माती उचलली, चुरली आणि फोनमध्ये म्हणाली, "नाही. गार नाहीये. उन्हानं कोमट आहे." ती खोटं बोलत होती. माझे हात गारठले होते.

त्यानंतर जनेलनं पुन्हा कुणासाठी मूल वाढवलं नाही. क्लिनिकवाल्यांनी एकदा विचारलं होतं. "माझं झालं," तिनं सांगितलं.

ऑर्लाचा बाप म्हणून डोनल त्याच वर्षी कोर्टात सिद्ध झाला. ग्रॉन्याचा अर्ज दोन वर्षांनी लागायचा होता, तो कोविडमुळे आणखी लांबला. लागला तेव्हा तिथल्या कोर्टाला आईची संमती हवी होती. आई म्हणजे जनेल. मिसेस वीबींच्या ऑफिसात, तोंडाला मुसकं बांधून, "बालकाची आई" या शब्दांखाली जनेलनं सही केली. तिला घेऊन मी घरी आले. घराशी गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "आई, दोघांसाठी मी खोटं लिहिलं नाही. पण दोन्ही वेळा वाटलं, खोटंच लिहितेय."

"उतर आता," मी म्हटलं. "ब्रिनला भूक लागली असेल."

ती तिघं पहिल्यांदा परत आली ती ऑर्ला चार वर्षांची झाल्यावरच्या उन्हाळ्यात. पोर काटकुळी, डोनलसारखे लाल केस, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. आल्या आल्या माझ्या सगळ्या कपाटांची दारं उघडून पाहिली. जेवताना तिनं जनेलला विचारलं, "तू कोण आहेस?"

जनेलनं ग्रॉन्याकडे पाहिलं.

"मी सांगितलंय ना तुला," ग्रॉन्या म्हणाली. "तू आणि कॉर्मॅक हिच्या पोटात होतात."

"ते माहितीये." ऑर्लानं मक्याचं कणीस खाली ठेवलं. "पण ही कोण आहे?"

"जनेल," जनेल म्हणाली. "लोणी हवंय?"

"हवंय," पोर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफनभूमीत जायला ग्रॉन्यानं माझ्याकडे गाडीच्या किल्ल्या मागितल्या. डोनल येतो म्हणाला, तर तिनं "आधी मी जाऊन येते" म्हटलं. परत आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. गुडघ्यांना ओलं गवत चिकटलं होतं. मी तिचं ताट झाकून ठेवलं होतं. ती बसली आणि सगळं जेवली. मी समोर बसून राहिले.